नंबर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण. बोलताना घाबरून जे राहून गेले ते लिहिताना घातले आहे.)



भाषण म्हणजे समोर बसून ऐकायची आणि मधून मधून शेजारणीशी कुजबुजायची गोष्ट, अशी माझी आजवरची समजूत. यंदा मात्र मंडळाने ठरवले की, वर्धापनदिनाला बाहेरून वक्त्या आणायच्या नाहीत, सभासदांनीच थोडे थोडे बोलायचे. कोणी आपण होऊन हात वर करीना, तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या. तिसरी चिठ्ठी उघडून कार्यवाह वहिनी मला म्हणाल्या, "घ्या, तुमचा नंबर लागला!"

मी म्हटले, "अहो वहिनी, मी सातवी शिकलेली. मी काय बोलणार?"

"येईल ते बोला," असे म्हणून त्यांनी पुढची चिठ्ठी उघडली.

रामआळीतून घरी येईपर्यंत मी विषय शोधत होते. स्वयंपाकाविषयी बोलावे तर तुम्हां सर्वांना माझ्याहून अधिक येते. संतांविषयी बोलावे तर तेवढे वाचन नाही. आणि वहिनींचे शब्द काही डोक्यातून जात नव्हते. "नंबर लागला." शब्द इंग्रजी, पण मला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही आणि त्यांना तो सांगावा लागला नाही. मग याच शब्दावर का बोलू नये?

दुसऱ्या दिवशी मी एक गंमत केली. हा शब्द दिवसभरात घरात किती वेळा निघतो, त्याच्या रेघा कपाटाच्या दारावर खडूने मारीत गेले. सकाळी उठल्या उठल्या सासूबाईंनी विचारले, "डॉक्टरकडे नंबर लावलास का गो?" एक रेघ. मुलगी म्हणाली, लांबचे अंधुक दिसते, नंबर वाढला असेल. ह्यांनी विचारले, नळ दुरुस्त करणाऱ्याचा नंबर कुठे लिहून ठेवला आहे. गॅसवाला दारात येऊन म्हणाला, "ताई, नंबर सांगा." चपला आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "कितीचा नंबर काढू?" शेजारच्या काकूंचा मुलगा गणपतीला मुंबईहून यायचा होता, त्याच्या तिकिटाचा वेटिंग नंबर किती खाली आला याची चौकशी झाली. संध्याकाळी भाचा आला, त्याला गरम घावने वाढली. तो म्हणाला, "मामी, एक नंबर!" रात्री मोजल्या तर एकवीस रेघा झाल्या. पुसायला विसरले, तर सकाळी सासूबाईंना वाटले, मी दुधाचा हिशोब मांडला आहे.

एकवीस वेळा एकच शब्द, पण अर्थ पाहा किती. कुठे तो रांगेतली जागा आहे, कुठे भिंगाची ताकद, कुठे पायाचे माप, कुठे नुसती शाबासकी. आपण बायका तो वापरताना कधी गोंधळत नाही. याचे कारण माझ्या मते असे की, शब्द परका असला तरी त्याच्यापुढचे क्रियापद आपण घरचे जोडतो. नंबर लावला म्हणजे रांगेत जागा धरली. नंबर लागला म्हणजे निवड झाली, मग ती नोकरीत असो नाहीतर माझ्यासारखी भाषणात. नंबर आला तर तो कुठे आला ते पाहावे. परीक्षेत आला तर पेढे, डोळ्यांना आला तर खर्च. फोनची ती गोल तबकडी जाऊन किती वर्षे झाली, तरी आमचे हे अजून नंबर फिरवतातच. आणि ओळखीचे कोणी गेल्याची बातमी आली की सासूबाई दाराकडे पाहून म्हणतात, "आता माझाच नंबर." त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नाही. पण इतके मोठे बोलणे त्या या शब्दात बोलतात, म्हणून त्याला परका म्हणायला माझी जीभ धजत नाही.

आता एक गोष्ट जरा स्पष्ट बोलते. समोर सगळ्या बायकाच आहेत. स्मरणिका घरोघरी जाईल, तरी हरकत नाही. रांगेतल्या नंबराला आपल्या मराठीत चांगला शब्द होता, पाळी. दळणाची पाळी, पाण्याची पाळी, गिरणीतली रातपाळी. पण तोच शब्द आपण महिन्याच्या अडचणीलाही वापरतो. त्यामुळे चारचौघांत, पुरुषमाणसे उभी असताना, "माझी पाळी आली" असे म्हणायला बाई कचरते; तरुण मुलगी तर म्हणणारच नाही. "माझा नंबर आला" म्हटले की सुटका. माझी अशी अटकळ आहे की, रेशनच्या आणि नळाच्या रांगेत हा शब्द साहेबापेक्षा आपल्या संकोचानेच जास्त रुजवला. अटकळ माझी आहे, कोणाला पटली नाही तर सोडून द्यावी.

माझी मुलगी लहान असताना तिने एकदा विचारले होते, "आई, नंबर या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगात ओ हे अक्षर कुठेच नाही. मग पाटीवर एन् आणि ओ असं का लिहितात?" मी म्हटले, "तसंच असतं ते." मुलांच्या अडचणीच्या प्रश्नाला आपले हे ठरलेले उत्तर. त्याचे खरे उत्तर मला या भाषणाच्या निमित्ताने मिळाले. आपल्या जिल्हा नगर वाचनालयात मी या वर्षी पहिल्यांदाच पाऊल टाकले. १८२८ सालची ती संस्था, आणि मी भाजी घेऊन तिच्यावरून किती वर्षे जात होते! तिथे वाचत बसलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी जाडजूड इंग्रजी कोश उघडून मला समजावून दिले. नंबर हा शब्द मुळात इंग्रजांचाही नव्हे. लॅटिन भाषेत न्यूमेरस, त्याचे फ्रेंचांनी नोंब्र केले आणि त्यांच्याकडून तो इंग्रजांकडे गेला. आणि पाटीवरचे एन्-ओ हे न्यूमेरो या लॅटिन रूपाचे पहिले आणि शेवटचे अक्षर. न्यूमेरो म्हणजे संख्येने. म्हणजे साहेबानेही तो उसनाच आणलेला, आणि उसन्यातले आपल्याला उसने दिले.

त्या बाईंनी आणखी एक सांगितले. इंग्रजीत नंबरचे काही अर्थ असे आहेत की जे आपण घेतलेच नाहीत. रंगमंचावर म्हटलेल्या गाण्यालाही ते नंबर म्हणतात. पुष्कळ माणसे जमली तरी तिथे हाच शब्द येतो. ते आपल्याकडे आले नाही. वाण्याकडून आणावे तसे, लागले तेवढेच आपण आणले. उलट "एक नंबर" ही शाबासकी आणि "दोन नंबरचा पैसा" हे प्रकरण आपण इथे आपल्या रीतीने वाढवले. इंग्रजी शाळेतली लहान मुले वर्गात बाईंना एक बोट किंवा दोन बोटे दाखवतात, तोही नंबरच. पण पुढे चहा आहे, तेव्हा ते राहू दे.

या शब्दावर रत्नागिरीत बोलायचे आणि सावरकरांचे नाव काढायचे नाही, असे होणार नाही. १९२४ ते १९३७ ते आपल्या गावात स्थानबद्ध होते. १९३१चे पतितपावन मंदिर आपण जाता येता पाहतो. त्याच वर्षांत त्यांनी भाषाशुद्धीची चळवळही चालवली. तारखेला दिनांक, मेयरला महापौर, डायरेक्टरला दिग्दर्शक आणि नंबरला क्रमांक, हे शब्द त्यांच्या नावाने सांगितले जातात. महापौर आणि दिग्दर्शक तर असे रुळले की ते कोणी घडवले असतील असे वाटतही नाही. क्रमांक मात्र अर्धाच जिंकला. कागदावर त्याचे राज्य आहे. अर्ज क्रमांक, दूरध्वनी क्रमांक, प्रथम क्रमांक. बक्षीस समारंभात ध्वनिक्षेपकावरून "प्रथम क्रमांक" असे ऐकले की अंगावर मूठभर मांस चढते. तिथे "पहिला नंबर" म्हटले तर ओटीवरचे बोलणे वाटेल. पण बाजारात त्याचे काही चालत नाही. मी परवा चपलांच्या दुकानात मुद्दाम म्हणून पाहिले, "माझा क्रमांक सहा." दुकानदार म्हणाला, "कसला अर्ज भरायचाय, ताई?"

चपलेवरून आठवले. इंग्रजी मापात एका नंबरावरून दुसऱ्यावर गेले की चप्पल इंचाचा तिसरा भाग वाढते, आणि तो तिसरा भाग म्हणजे त्यांच्याकडे पूर्वी जवाच्या एका दाण्याची लांबी. आपल्याकडेही आठ यवांचे एक अंगुल मानीत. मापे मोजायला दोघांनीही धान्याच्या कोठीतच हात घातला.

नंबर मोठा म्हणजे वस्तू मोठी, असे मात्र कोणी समजू नये. मी तसे समजून एकदा सर्वांसमोर हसे करून घेतले आहे. लग्नाआधी दोन वर्षे मी काजूच्या कारखान्यात गर सोलायला जात असे. तिथे पांढरे अख्खे गर १८०, २१०, २४०, ३२० अशा नंबरांनी वेगळे करतात. मला पहिल्या दिवशी ३२० नंबर निवडायला सांगितले, आणि मी सुपातले मोठाले गर वेचून पुढे केले. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मग त्यांच्यातल्या एका मावशीने समजावले की, एका पौंडात किती गर बसतात त्याचा तो नंबर. ३२० नंबरचे पौंडात तीनशे ते तीनशेवीस बसतात, म्हणजे ते बारीक. १८०चे एकशेऐंशीच्या आतच पौंड भरतो, म्हणून ते टपोरे आणि महाग. शिवणाच्या मशीनची सुई उलटी. अकरा नंबर मलमलीला, सोळा जाड सुती कापडाला. नंबर वाढला की सुई जाड. चष्म्याचे तर आणखीच निराळे, त्यात वाढ आणि घट दोन्ही बाजूंना आहे. पण आपल्या वडीलधाऱ्यांनी जवळचे वाचायच्या चष्म्याला चाळिशी म्हटले, त्यातही आकडा आहेच, आणि तो बाईचे वय उघड करतो. मला ती गेल्या दिवाळीत लागली.

नंबराचा खरा जाणकार मी पाहिला तो म्हणजे माझे वडील. आपल्या जिल्ह्यातले हजारो लोक मुंबईला गिरणीत गेले, त्यांतले ते एक. सूतखात्यात होते. सुताला नंबर असतो. ८४० वारांची एक लड. अशा चाळीस लडी मिळून एक पौंड भरला तर ते चाळीस नंबरचे सूत. साठ भरल्या तर साठचे, म्हणजे अधिक तलम. बाबा कोणाच्याही लुगड्याचा पदर दोन बोटांत धरून डोळे मिटत आणि नंबर सांगत. आईच्या रोजच्या पातळाला ते म्हणत, "हे विसाचं. गोणपाट नेसवलाय मी तुला." १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दोन वर्षांची होते. तो संप मागे घेतला असे कधी कोणी जाहीर केलेच नाही, आणि बाबा गावी परत आले ते आलेच. मग दुसऱ्यांच्या बागांत आंबे उतरवले, पेट्या ठोकल्या. गिरणीचा पितळी बिल्ला ट्रंकेत जपून ठेवला होता. आम्हां भावंडांचे वाढदिवस ते चुकवीत, पण त्या बिल्ल्यावरचा नंबर शेवटपर्यंत झोपेतून उठवून विचारला तरी सांगत.

१९९३ साली मी सातवीत पहिल्या नंबराने पास झाले. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढची शाळा एसटीने जायची, आणि दोघांचा पास काढायची घरात ऐपत नव्हती. भाऊ माझ्याहून एक वर्षाने मोठा, तो आधीच जात होता. नंबर त्याचा लागलेला होता. बाबांनी मला तसे सांगितले आणि त्या रात्री ते जेवले नाहीत. मी जेवले. तेव्हा मला वाटले, आता उशिरा उठायला मिळेल.

शिकले नाही तरी आकड्यांशी माझे बरे जमे. पूर्वी आमच्या वाडीत एकाच दुकानात फोन होता. त्या दुकानाचा नंबर वाडीतले सगळे पाहुण्यांना द्यायचे आणि पुढे पी.पी. असे लिहायचे. तो नंबर मला आजही पाठ आहे. आज माझ्या मोबाईलमध्ये दोनशे नंबर आहेत आणि पाठ म्हणाल तर ह्यांचा एक.

आणि आपल्या पत्त्याखालचा सहा आकडी नंबर! ४१५६१२. पत्रे कमी झाली तरी हा प्रत्येक अर्जावर लागतो. मैत्रिणींनो, ही पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाली आणि ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपल्याच जिल्ह्यातले, दापोली तालुक्यातल्या केळशीचे. टपाल खात्यात मोठे अधिकारी, आणि संस्कृतात काव्य करणारे पंडित. एकाच नावाची किती गावे, त्यात पत्ता लिहिणाऱ्याचे अक्षर आणि भाषा निराळी, त्यामुळे पत्रे भलतीकडे जात. म्हणून हे आकडे. पहिला चार म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा विभाग. पहिले तीन मिळून पत्रे निवडण्याचा जिल्हा. शेवटचे तीन म्हणजे आपले पोस्ट. पिन या शब्दाच्या शेवटी जो न आहे तो नंबरचाच. पैसे काढायच्या यंत्राच्या पिनमध्येही तोच. तरी आपण "पिन नंबर" म्हणतो, म्हणजे नंबर दोनदा.

आधारचा बारा आकडी नंबर तर आता जन्माला आल्या आल्या चिकटतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावच्या रंजना सोनवणे या बाईला दिला गेला. पहिला नंबर बाईचा लागला, हे मला वाचून फार बरे वाटले.

आता ज्या गोष्टीपायी खरे तर मी हा विषय घेतला, ती सांगते. सांगावी की नाही यावर तीन रात्री गेल्या.

गेल्या श्रावणात सासूबाईंना ताप येत होता. दुपारची वेळ, एका हाताने त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवीत होते आणि गॅसवर पेज होती. फोन वाजला. माणूस अगदी स्वच्छ मराठी बोलत होता. "वहिनी, बँकेतून बोलतोय. तुमची कागदपत्रं अपुरी आहेत, संध्याकाळी खातं बंद होईल." माझ्या पोटात गोळा आला. तो म्हणाला, "घाबरू नका वहिनी, मी इथूनच करून देतो. कार्डावरचा नंबर वाचा." वाचला. "मागच्या बाजूला तीन आकडी नंबर आहे, तोही वाचा." वाचला. "आता मोबाईलवर एक नंबर येईल, तेवढा सांगितलात की काम झालं."

माझ्या मुलाने मला बजावून ठेवले होते, "आई, ओटीपी कोणाला सांगायचा नाही. देव जरी मागायला आला तरी नाही." ते मी पक्के लक्षात ठेवले होते. त्या माणसाने "ओटीपी सांगा" म्हटले असते तर मी फोन आपटला असता. पण तो ओटीपी म्हणालाच नाही. तो नंबर म्हणाला. आणि नंबर तर मी दर महिन्याला सांगते. गॅसवाला दारात उभा राहून मागतो, तो मोबाईलवर आलेला नंबर सांगितल्याशिवाय टाकी देत नाही, आणि ते रीतसरच आहे. सामान घेऊन येणारा मुलगा मागतो. मग हा मागतो तर काय झाले? संदेशात इंग्रजीत खाली काहीतरी लिहिले होते. मला अक्षरे जोडून जोडून वाचता येतात, पण मी फक्त आकडे पाहिले. आणि लाज वाटते सांगायला, ते सहा आकडे मी त्याला इंग्रजीतून वाचून दाखवले, जरा ऐटीतच.

२१,५०० रुपये गेले. ते पैसे ह्यांचे नव्हते. तीन मोसम आमसुले, आगळ आणि फणसपोळी करून विकली, त्याचे होते. मुलीला नर्सिंगला घालायचे होते, तिच्या प्रवेशाच्या फीसाठी ते साठवलेले.

मी दोन दिवस कोणाला सांगितले नाही. पेज करपली एवढेच घरात कळले. पैसे गेले ही माझी एक चूक, आणि गप्प बसले ही त्याहून मोठी. तिसऱ्या दिवशी मुलीने खाते पाहिले तेव्हा तिला सांगावेच लागले. तिने त्याच क्षणी १९३० हा नंबर लावला. अशा फसवणुकीसाठी सरकारने ठेवलेला तो नंबर आहे, लिहून घ्या, चार आकडेच आहेत. तिथे सांगितले की, गोष्ट लगेच, त्याच तासाभरात कळवली तर पैसे पुढच्या खात्यांत जाण्याआधी अडवता येतात. दोन दिवसांत माझे पैसे किती खाती फिरून गेले कोण जाणे. तक्रार नोंदवून घेतली आणि मला एक तक्रार नंबर दिला. पैसे गेले, हाती आला तो आणखी एक नंबर. तो माझ्या डब्यात आहे.

चौकीवर गेले तेव्हा मी म्हटले, "चारशेवीस लावा त्या मेल्याला." तिथले हवालदार दादा हसले. म्हणाले, "ताई, चारशेवीस गेलं. १ जुलै २०२४पासून नवा कायदा आला, आता फसवणुकीला ३१८ कलम." आपल्या बोलण्यात मात्र लबाड माणूस चारशेवीसच राहणार. ३१८ म्हटले तर शिवी दिल्यासारखे वाटत नाही.

ह्यांना सांगितले तेव्हा मला वाटले, आता आकाश कोसळणार. हे बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "मलाही तीनदा आला होता तसा फोन."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"मी दुसऱ्या नंबरापर्यंत सांगून बसलो होतो," हे म्हणाले. "लाज वाटली."

आता आमच्या घरात त्या सहा आकड्यांना नंबर म्हणायचे नाही असा नियम आहे. सासूबाईंनी त्याला नाव ठेवले आहे, गुपित. फोनवर आले ते गुपित. गॅसवाल्याचा तो गॅसचा आकडा. रांगेतला, चष्म्याचा आणि चपलेचा तेवढा नंबर. भाषाशुद्धी म्हणून केलेले नाही, गरजेपोटी केले आहे. पण परवा पुन्हा एक फोन आला, मी विचारले, "कुठला नंबर हवाय, नीट नाव सांगा त्याचं," तर त्याने फोनच ठेवला.

मुलीच्या फीचे काय झाले, ते तुमच्यापैकी एका भगिनीला अर्धे ठाऊक आहे. यादीत तिचा नंबर लागला होता आणि फी भरायला पाच दिवस उरले होते. आपल्या भिशीत आपण वीस जणी, महिना हजार रुपये. त्या महिन्याची चिठ्ठी निघाली ती दुसरीच्या नावाची. त्यांना पावसाळा संपल्यावर पडवीची कौले बदलायची होती, हे मला माहीत होते. तरी मी त्यांच्या मागोमाग पायरीपर्यंत गेले आणि म्हटले, "वहिनी, या खेपेचा नंबर मला द्याल?" त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिले. का म्हणून विचारले नाही. वीस हजारांचे पाकीट तसेच माझ्या पिशवीत घातले आणि म्हणाल्या, "माझी पडवी काय, गळायची सवय आहे तिला." वरचे दीड हजार मी घातले आणि फी भरली. मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे.

त्या वहिनी तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत. नाव घेतलेले त्यांना आवडणार नाही, आताच मान खाली घातली आहे त्यांनी. त्यांनी तेव्हा कारण विचारले नव्हते, ते आज सर्वांसमक्ष सांगितले. भिशीच्या डब्यात अजून चार चिठ्ठ्या उरल्या आहेत. त्यांतली एक माझ्या नावाची, म्हणजे त्यांची. येत्या रविवारी डबा उघडायचा आहे, आणि मुलगी सुट्टीवर आली आहे, तेव्हा चिठ्ठी तिच्या हाताने काढू या, अशी माझी वहिनींना विनंती आहे.

कार्यवाह वहिनी घड्याळ दाखवीत आहेत. पुढचा नंबर कोणाचा आहे?